खालचा खुंटा

मॅडम हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कामिनीला नंतर कितीतरी वेळ वाटत राहिलं. त्या हसल्या असत्या तर तीही हसली असती आणि दोघींच्या हसण्यात ती चूक विरघळून गेली असती. पण हैदराबादच्या संस्थेतल्या, मूळच्या सांगलीकडच्या त्या प्राध्यापिकांनी चष्मा कपाळावर चढवला, व्हिडिओ कॉलच्या पडद्याच्या अगदी जवळ तोंड आणलं आणि खरोखरच्या कुतूहलानं विचारलं, "हे अंकल कोण?" कामिनीला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिनं आपल्या संशोधनाच्या आराखड्याचं पहिलं पान समोर ओढलं आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्या संस्थेत लेखाशास्त्रातल्या पीएच.डी.साठी अर्ज करायचा म्हणून दिवाळीच्या आधीपासून ती तयारी करत होती. विचार मराठीतच येतात, म्हणून आराखडा आधी मराठीत लिहिला होता आणि मग फोनकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं होतं. भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांवर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांच्या लेखापद्धतींचा चिकित्सक अभ्यास, असा तिचा विषय. फोननं इमानेइतबारे मामाचा अंकल केला होता. पानभर अंकलचे तलाव पसरले होते. अंकलच्या तलावांची दुरुस्ती, अंकलच्या तलावांतील मासळी, अंकलच्या तलावांचे वार्षिक लेखापरीक्षण. तिनं हे पान दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा नजर त्यावरून गुळगुळीत दगडावरून पाणी जावं तशी गेली होती. तिनं घाईघाईनं समजावून सांगितलं. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. पूर्वी गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार असत, त्यांच्या काळात गावोगाव तलाव होते, पुढे ती पद्धत गेली आणि तलाव सरकारकडे आले, म्हणून ते माजी मालगुजारी तलाव. कागदावर त्याचं मा.मा. झालं आणि लोकांच्या तोंडी मामा. मॅडमनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "छान आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मग माहीत काय नाही?"

आवाज तुटला असावा असं वाटून कामिनीनं आपल्याला काय काय माहीत आहे ते पुन्हा सांगायला सुरुवात केली. संस्थांची नोंदणी, सभासद, ताळेबंदाचा नमुना. मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं, रागानं नाही, वर्गात हुशार मुलाला थांबवतात तसं. त्या म्हणाल्या की आराखड्यात उद्दिष्टं आहेत, व्याप्ती आहे, महत्त्व आहे, फक्त प्रश्न नाही. सोमवारी अर्जाची मुदत संपते, तोवर एक प्रश्न शोधा. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असा नको. तसा सापडला नाही तर अर्ज करू नका, तुमचीच चार वर्षं फुकट जातील. एवढं बोलून त्यांनी निरोप घेतला आणि पडद्यावर कामिनीचाच चेहरा उरला, तोंड किंचित उघडं. पुढल्या वर्षी पाहू, असं म्हणण्याची सोय नव्हती. ती शिकवत होती त्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी अभ्यासरजा मोठ्या मुश्किलीनं मंजूर केली होती आणि ती मंजुरी याच वर्षीच्या प्रवेशापुरती, असं दोनदा बजावलं होतं. पण त्या क्षणी रजा, मुदत यांपैकी काहीच तिच्या मनात नव्हतं. एखादा दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या जागी जाते, तसं तिचं मन त्या एका वाक्याकडे जात होतं. माहीत काय नाही?

दुसऱ्या दिवशी जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधून स्कुटीवर भंडाऱ्याला जाताना, रस्त्यावरून कारखान्याच्या बसगाड्या एकामागून एक उलट्या दिशेनं जात असताना, तिनं स्वतःला माहीत नसलेल्या गोष्टी आठवून पाहिल्या. तशा पुष्कळ होत्या. विमान कसं उडतं हे तिला नीट माहीत नव्हतं. पण ते माहीत करून घ्यावं असंही कधी वाटलं नव्हतं, आणि मॅडमना बहुधा हेच विचारायचं होतं. बारावीच्या वर्गात तिनं नेहमीसारखा फळ्यावर नियम लिहिला. लाभ घेणाऱ्याचे खाते नावे, लाभ देणाऱ्याचे खाते जमा. मुलांनी तो उतरवून घेतला. पुस्तकातली उदाहरणं सोडवली आणि शेवटच्या पानावरच्या उत्तरांशी ताडून पाहिली. ज्यांचं जुळलं त्यांचे चेहरे खुलले. तिचाही चेहरा रोज या क्षणी खुलत असे. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की पोटात एक शांत, गार समाधान उतरतं, ते तिला शाळेपासून आवडायचं, त्या समाधानापायीच तर ती या विषयाकडे आली होती. आज मात्र शेवटच्या पानावर गेलेली ती सगळी बोटं पाहताना तिच्या मनात आलं, आपण इतकी वर्षं ज्याला प्रश्न म्हणतो आहोत ती नुसती झाकलेली उत्तरं आहेत. झाकण उचलायचं, खाली उत्तर असतंच. ज्याच्या खाली काहीच नाही असं झाकण आपण कधी उचललं होतं?

उचललं होतं. ती आठ वर्षांची होती तेव्हा. तेव्हा तिचं कुटुंब आसगावला राहत असे. वडील केशवराव गावातल्याच शाळेत मास्तर होते. काकाच्या घरी लग्न होतं, मांडव पाहुण्यांनी भरला होता आणि तिच्या आईचा भाऊ, तिचा मामा, तुमसरहून आला होता. गावाच्या तलावाला सगळे मामा तलाव म्हणतात, म्हणजे तो मामाचा, यात तिला काडीची शंका नव्हती. तिची अडचण वेगळी होती आणि ती तिनं भरमांडवात मोठ्यानं विचारली. मामाजी, तलाव तुमचा आहे तर तुम्ही तो इथं सोडून तुमसरले काहून गेले? आधी एक जण हसला, मग सारा मांडव. वाढणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मामानं तिला उचलून खांद्यावर बसवलं आणि पुढं कितीतरी वर्षं तो भेटला की म्हणायचा, चाल, माह्या तलावावर जाऊन येऊ. कोणी वाईट वागलं नव्हतं. उलट तिचे लाडच झाले. वडील तर मुळीच हसले नव्हते. संध्याकाळी त्यांनी तिला जवळ बसवलं, पाटीवर मा लिहिला, पुढे टिंब दिलं, पुन्हा मा लिहिला आणि माजी म्हणजे काय, मालगुजार म्हणजे काय, हे तिला इतकं सावकाश, इतकं गोड करून सांगितलं की तिची शंका पुरती फिटली. इतकी पुरती की मालगुजार गेला तर मग आता तलाव कोणाचा, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. तेव्हापासून तिनं एक शहाणपण धरलं होतं. प्रश्न विचारायचा तो उत्तर मुठीत धरून. शाळेत, कॉलेजात, मुलाखतीत, तिनं असेच प्रश्न विचारले आणि सगळीकडे तिचं कौतुक झालं.

रात्री जेवताना तिनं हे सगळं नवऱ्याला, कमलेशला, सांगितलं. तो कारखान्यात नोकरीला होता आणि घरी आल्यावर जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचा एकच उपाय असे, आधी जेवून घे. अंकलच्या तलावाचं ऐकून तो ठसका लागेपर्यंत हसला. मग म्हणाला की शेजारच्या ब्लॉकातल्या वीरेंद्रनं पीएच.डी. केली, त्याला कोणी प्रश्न विचारला नव्हता. त्याच्या प्रबंधाचं नावही चिकित्सक अभ्यास होतं आणि शेवटी निष्कर्ष निघाला, कामगार समाधानी आहेत. "एवढ्यात भागते त तू कायले डोकं पिकवून राहिली?" तो काही वेळ भात कालवत राहिला. चार वर्षं ती हैदराबादला आणि तो इथं, हे त्याच्याही ताटात होतंच, पण त्यावर तो बोलला नाही. शेवटी फक्त म्हणाला, "मी का तुले धरून राहिलो? पण जाशीन त काहीतरी शोधाले जाय. नुसतं नावापुढं डाक्टर लावाले नोको जाऊ." हे त्यानं कढीची वाटी चाटता चाटता म्हटलं, त्यामुळं ते तिला जास्तच लागलं.

रविवारी ती सकाळच्या एसटीनं पवनीला गेली. आसगावच्या काकूला भेटायला चालले, असं तिनं घरी सांगितलं आणि स्वतःलाही तेच सांगितलं. गाडी अड्याळच्या पुढं गेली तशी दोन्ही बाजूंना धान लागला. लवकर येणारा हलका धान पिवळा पडून झुकला होता, उशिरा येणारा भारी धान अजून हिरवा होता आणि त्याला शेवटचं पाणी हवं होतं. ती खिडकीशी बसून पाहत होती आणि आपण पाहतो आहोत की काहीतरी मिळावं म्हणून शोधतो आहोत, याची तिला खात्री वाटत नव्हती. प्रत्येक गोष्टीकडं ती जरा लबाडीनं पाहत होती, तू प्रश्न आहेस का, असं विचारत. लाल मातीचा बांध. नाही. बांधावरचा बगळा. नाही. पवनीच्या स्टँडवर चुलतभाऊ मंगेश मोटरसायकल घेऊन आला होता. ती मागं बसली आणि त्यानं आसगावच्या रस्त्याला गाडी घातली. काकू आनंदाबाईनं तिला पाहून आधी तिच्या हाडकुळेपणावर टीका केली, मग चहा टाकला, मग विचारलं, आता अजून कोणती शाळा शिकतेस वं, तुह्यापाशी त पोरं शिकतात म्हणे. कामिनीनं जमेल तसं समजावलं. काकू म्हणाली, म्हणजे तू आता प्रश्न शोधाले आली. शोध बाई, इथं कामाचा दुष्काळ हाये, प्रश्नाचा नाही.

दुपार कलताना सगळे तलावावर गेले, कारण त्या दिवशी पाणी सोडायचं होतं. पारीवरून, तलावाच्या मातीच्या बांधावरून, चालताना कामिनीला वास आला, चिखलाचा, शेवाळाचा, ओल्या पळसाच्या पानांचा, आणि तिच्या पावलांना वाट आपोआप सापडत गेली. तलाव तिला आठवत होता त्याहून लहान वाटला आणि मग, उभं राहून पाहिल्यावर, पुन्हा मोठा. पारीच्या आतल्या अंगाला, पाण्यात, दगडी तुडूम होतं. तलावाचं पाणी पाटात सोडायची ती जुनी सोय. दगडाच्या त्या उभ्या बांधकामाला एकाखाली एक भोकं असतात, प्रत्येक भोकात लाकडाचा खुंटा ठोकलेला. पाणी वरून उतरत जाईल तसतसा त्याखालचा खुंटा काढायचा. सोमाजी, गावातर्फे पाणी सोडणारा म्हातारा, छातीभर पाण्यात उभा होता. वरचं भोक केव्हाच उघडं पडलं होतं. त्यानं दम घेतला, बुडी मारली, आणि थोड्या वेळानं मधला खुंटा हातात घेऊन वर आला. पारीच्या पलीकडं पाटात पाणी उसळल्याचा आवाज झाला. काठावरच्या चार जणांनी समाधानानं घसा खाकरला आणि बिड्या पेटवल्या. लहानपणी हे तिनं कितीदा पाहिलं असेल. पाणी बघायला सगळी पोरं पाटाकडं पळायची, तीही पळायची. आज ती पळाली नाही, म्हणून तिला तुडूमच दिसत राहिलं. पाण्यात बोट दाखवून तिनं सहज विचारलं की आता सगळ्यात खालचा खुंटा कधी काढणार.

सोमाजीनं तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "थो नाही काढत."

काहून, असं तिनं विचारलं आणि विचारून झाल्यावर तिला जाणवलं की आपली मूठ रिकामी आहे. काकू लगेच म्हणाली की गुरांसाठी, उन्हाळ्यात गुरं पाण्याविना मरतील म्हणून ते पाणी राखतात. मंगेश म्हणाला, कशाची गुरं, आता गावात गुरं राहिली किती, तो खुंटा सडून अडकला आहे, काढला तर पुन्हा बसणार नाही एवढंच. काठावरचा एक जण म्हणाला की मासोळीचं बीज राहिलं पाहिजे, म्हणून. त्यावर दुसरा म्हणाला की मासोळीच्या सोसायटीच्या आधीपासून तो तसाच आहे, माझा आजा सांगत होता. मग ते आपसातच बोलायला लागले. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, भारी धान उभ्या उभ्या वाळतो, त्या वर्षी तरी काढला असेल ना, असं कामिनीनं विचारलं, आणि काकू म्हणाली, नाही बाई, मी लग्न होऊन आल्यापासून एकदाही नाही, आमचा धान वाळून नुसतं तणस झाला होता तेव्हाही नाही. कोणी राखण करतं का, दंड आहे का, कुठं लिहून ठेवलं आहे का? लिहाले कायले पाह्यजे, असं कोणीतरी म्हणालं, पण त्या आवाजात पहिल्यासारखा ठामपणा नव्हता.

सोमाजी आता बाहेर येऊन धोतर पिळत होता. तिनं त्यालाच पुन्हा विचारलं, हळू, जणू वर्गात मागच्या बाकावरच्याला विचारावं तसं.

"माह्या बापानं नाही काढला, म्हणून मी नाही काढलो."

"आणि बाप काहून नाही काढत होता?"

"थे मी विचारलोच नाही पोरी." त्यानं पाण्याकडं पाहिलं, स्वतःवरच जरा चकित झाल्यासारखं. "इतके साल झाले. बुडी मारतो, खालच्या खुंट्याले हात लागते, वर येतो. कधी विचारच नाही केलो."

परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली नाही. दांडीला धरून उभी राहिली आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्याबरोबर तिच्या डोक्यात काहीतरी सुटं होऊन नव्या जागी बसत गेलं. कंपन्यांना राखीव निधी ठेवावा लागतो, हे ती शिकवते. कायदा सांगतो, कागदावर लिहिलेलं असतं, तपासणारा येतो, सही करतो. आणि तरीही अडचण आली की त्या निधीला हात लागतो, पळवाटा निघतात, त्या पळवाटांवर पुस्तकं निघतात. इथं सांगणारं कोणी नाही, लिहिलेलं नाही, तपासणारा नाही. धान डोळ्यांसमोर वाळतो आहे, खुंटा हाताच्या अंतरावर आहे, आणि हात मागं येतो. कोणासाठी राखलं आहे हेही ज्यांना माहीत नाही, ते का राखतात? ते पाणी जमा आहे, पण कोणाच्या खात्यावर? गुरांच्या, माशांच्या, मेलेल्या बापांच्या, पुढे जन्माला येणाऱ्यांच्या, की तलावाच्याच? तिला एकदम वाटलं की काकूचं गुरांचं कारण खरं असेल. मग वाटलं, मंगेशचंच खरं असेल आणि सगळा प्रकार एका सडक्या लाकडाचा असेल. तसं निघालं तर? तिच्या लक्षात आलं की तसं निघालं तरी आपल्याला वाईट वाटणार नाही. उलट मग सडलेल्या लाकडाभोवती इतक्या कारणांचं रान कसं उगवलं, हे पाहावं लागेल. आणि एकाच गावचं नाही, जिल्ह्यात असे किती तलाव आहेत, त्यांच्या तुडमांतही खालचे खुंटे असतीलच, तिथं काय करतात? तिच्या छातीत काहीतरी भराभर चाललं होतं. आधी तिला ती भीती वाटली, कारण ठोके तसेच होते. पण भीतीत माणूस मागं सरतं आणि ती तर दांडीला धरून पुढं वाकली होती, जणू गाडी हळू चालली होती.

सोमवारी कॉलेजातून आल्यावर तिनं अर्ज उघडला. आराखडा आता एकाच पानाचा होता आणि त्याचं इंग्रजी तिनं स्वतः, शब्दकोश घेऊन, एकेक वाक्य बसवून केलं होतं. त्यात चिकित्सक अभ्यास नव्हता. सगळ्यात खालचा खुंटा का काढत नाहीत, एवढंच त्यात होतं, आणि त्याभोवती तिनं ऐकलेली सगळी कारणं, एकमेकांना छेद देणारी, होती तशी. मागं कमलेश चहाचा कप घेऊन उभा होता. अर्जाचा शेवटचा रकाना अपेक्षित निष्कर्षांचा होता. तिची बोटं सवयीनं चालली. तिनं सामूहिक शहाणपणाबद्दल एक वाक्य लिहिलं, वाचलं आणि खोडलं. मग परंपरेबद्दल एक लिहिलं, तेही खोडलं. दोन्ही वाक्यं चांगली होती, कुठल्याही प्रबंधात शोभली असती. मग तिनं तिथं लिहिलं की मला अजून माहीत नाही. कमलेश वाकून वाचत होता. तो म्हणाला की असं लिहिशील तर पहिल्याच फटक्यात बाहेर काढतील, निदान कामगार समाधानी आहेत असं तरी लिही. ती हसली. ते वाक्य तिनं पुन्हा वाचलं, मोकळ्या जागेत एकटंच उभं असलेलं, आणि ते तिला खोटं वाटलं नाही. प्राचार्य, रजा, हैदराबादची चार वर्षं, त्याचं एकट्याचं जेवण, हे सगळं क्षणभर तिच्यासमोर उभं राहिलं. तिनं बटण दाबलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला आणि मग अर्ज पोचल्याची ओळ उमटली. कमलेशनं कप तिच्या हातात दिला आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

चहा अर्धाच झाला होता तेव्हा तिच्या डोक्यात आलं की एक गोष्ट विचारायची राहिली. तिनं आसगावला फोन लावला. काकूनं उचलला. पाणी कधी आपणहून त्या खालच्या खुंट्याच्याही खाली गेलं होतं का, खुंटा कधी कोरडा पडलेला कोणी पाहिला आहे का, असं तिनं विचारलं. काकू म्हणाली, "थांब, मले नाही माहीत. शेजारच्या कुंताबाईले विचारतो." फोन बंद करायचा काकूला कधीच सुचत नसे, तो तिनं तसाच ओसरीवर ठेवला असावा. कामिनीला आधी चपलांचा आवाज आला, मग फाटकाचा. मग काकूचा आवाज, हाक मारणारा, आणि त्यावर दुसऱ्या बाईचा, जो म्हणत होता की कायले विचारते, मले का ठावं. मग तीच बाई आणखी कोणाला तरी, पलीकडच्या घरात, तोच प्रश्न ओरडून विचारत होती आणि तिकडून एक पुरुषी आवाज काहीतरी म्हणत होता ज्यात खुंटा हा शब्द होता. मग एक पोरगं तेच विचारत गल्लीतून पळत गेलं. आवाज लांब जात राहिले, एकमेकांत मिसळत, कुठं हसत, कुठं भांडत, आणि त्यात नाही बा, नाही बा, असं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. कामिनी फोन कानाला घट्ट लावून बसली होती. चहावर साय धरली. तिला काही घाई नव्हती.